तेल्मो कोणाकडून?

साओ पायोच्या सणाला पोर्तुगालच्या किनाऱ्यावरच्या तोरेइरातल्या घराघरात वामांचं कालवण शिजतं, आणि ते शिजवणारी बाई त्या दिवशी कुणाशी धड बोलत नाही. त्यामुळे ग्रासिएत सकाळपासून गप्प होती याचं कुणालाच नवल वाटलं नाही. तिला मात्र सुटल्यासारखं झालं होतं. तोंड उघडलं असतं तर तेल्मोने फोनवर सांगितलेली ती गोष्ट बाहेर सांडली असती. ऐकल्यापासून ती तिच्या पोटात जिवंत वामेसारखी वळवळत होती.

"बाबांना मी स्वतः येऊन सांगतो, आई. समोरासमोर. तू काही बोलू नकोस."

ती बोलली नव्हती. एवढ्या वर्षांच्या संसारात नवऱ्यापासून तिने याआधी एकच गोष्ट लपवली होती. नणंदेच्या लग्नातला केक मांजराने पाडला नव्हता.

अंगणात द्राक्षाच्या मांडवाखाली आदेलिनो शीळ घालत काहीतरी खटपट करत होता. होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकाला, बसवायची मोठी फळी भिंतीला टेकवून त्याने तिच्यावर पलंगावरची चादर घातली होती, तीही पाहुण्यांसाठी राखून ठेवलेली.

"ती चादर का घेतलीस?" ग्रासिएतने खिडकीतून विचारलं.

"जेवण झाल्यावर कळेल," तो म्हणाला आणि पोरासारखा हसला. ती खिडकीतून मागे सरली.

आदेलिनोने आयुष्यभर मासे डबाबंद करायच्या कारखान्यात मुकादमी केली, पण त्याचा खरा धंदा वाट पाहण्याचा. तेल्मो सोळा वर्षांचा असताना त्याला लिस्बनला देशाच्या कुमार फुटबॉल संघाच्या सराव-शिबिराला बोलावलं होतं. चार दिवस राहून तो परत आला, आणि पुन्हा त्याला कुणी बोलावलं नाही. पण तेव्हापासून देशाच्या संघाची यादी रेडिओवर वाचली जायची, तेव्हा आदेलिनो कारखान्यातली यंत्रं बंद करायला लावायचा. बचावपटूंची नावं संपली की तो म्हणायचा, "वाचणाऱ्याच्या घशात अडकलं बघा पोराचं नाव. पुढच्या वेळी सुटेल."

नाव घशातच राहिलं आणि पोरगा जग फिरला. आधी देशातल्याच दुसऱ्या श्रेणीतल्या दोन क्लबांत, मग रुमानियात. तिथे थंडीत त्याचं नाक पहिल्यांदा मोडलं. मग पोलंड, तिथे ते उलट बाजूने मोडून थोडं सरळ झालं. शेवटी सायप्रस, आणि तिथे तो रुजला. ग्रासिएत शाळेत भूगोलात नापास झालेली बाई, पण पोराच्या पायांमागे तिला आता क्राकोवपासून लिमासोलपर्यंतचं हवामान पाठ होतं. सायप्रसमध्येच तेल्मोला क्रिस्ताला नावाची तिथलीच मुलगी भेटली. लग्न झालं, तिथलं नागरिकत्वही मिळालं. क्रिस्ताला पोर्तुगीज शिकली ती सगळी सासूकडून, फोनवर. त्यामुळे तिशीतली ती देखणी बाई बोलायला लागली की तोरेइराच्या मासळीबाजारातली साठीची बाई बोलतेय असं वाटायचं.

सणानंतर दोन दिवसांनी अवेइरोच्या मैदानावर पोर्तुगालचा सामना व्हायचा होता, सायप्रसशी. आदेलिनोने घरातल्या सगळ्यांची तिकिटं कधीच काढून ठेवली होती. तेल्मोही सुट्टीला आलाय म्हणून तो खूश होता. पोरगा आणि सून अवेइरोच्या हॉटेलात का उतरले, या प्रश्नावर तेल्मोने सांगितलं होतं, "क्रिस्तालाला समुद्राच्या वाऱ्याने डोकं दुखतं." बेटावर जन्मलेल्या बाईला समुद्राचा वारा बाधतो, हे आदेलिनोला पटलं. एवढ्यावरून त्याच्या मनाचा अंदाज यावा.

दुपारी साओ पायोच्या मूर्तीला वाइनची आंघोळ घालून झाली, फटाके उडाले, ढोलवाले रस्त्याने पुढे गेले, आणि सगळे मांडवाखालच्या टेबलाशी बसले. टोकाला आदेलिनोचे वडील झुलमिरो, घरात सगळ्यांचेच आजोबा. नव्वदी ओलांडलेले, आयुष्य कॉड माशाच्या मागे उत्तरेच्या बर्फात घालवलेले, ऐकायचं तेवढंच ऐकणारे. त्यांच्या शेजारी आदेलिनोची बहीण इदालिना. ती अमेरिकेत, न्यूअर्कला असते आणि दर सणाला नवी टोपी घालून येते. समोर तेल्मो आणि क्रिस्ताला. तेल्मोने कालवणाला हातच लावला नव्हता. मक्याच्या पावाचे तुकडे करून तो ताटाभोवती त्यांची रांग लावत बसला होता.

"खा रे मुडद्या," क्रिस्ताला प्रेमाने म्हणाली. "आईने जीव ओतलाय."

"आता बघा!" आदेलिनो उठला. "संध्याकाळी होड्यांची शर्यत आहे. आपल्या होडीला यंदा नवी नाळ."

त्याने चादर ओढली.

फळीवर तेल्मो होता. पाय फाकवून, हात पसरून, पोर्तुगालच्या लाल शर्टात. चित्रकाराने नाक सरळ काढलं होतं. खाली रंगीत अक्षरांत लिहिलं होतं, "पुढून या, मागून या, तेमलो आडवाच!" नावातली अक्षरं उलटीपालटी झाली होती, पण त्याचं कुणाला काही वाटलं नाही. आमच्याकडे होडीवर शुद्ध लिहिलेलं असलं तर लोक ती होडी चोरीची समजतात. आणि मजकूर चावट नसला तर ती मठातली.

"देवा रे!" इदालिना म्हणाली. आजोबा 'मागून या' वाचून खुदकन हसले.

तेल्मोचे कान चित्रातल्या शर्टाहून लाल झाले. तो उभा राहिला.

"बाबा, शर्ट चुकलाय."

"माप चुकलं?"

"देश."

लांब कुठेतरी एक बाण फुटला. आदेलिनो हसऱ्या तोंडाने थांबला होता. विनोदाचा पुढचा भाग यायचाय, अशी त्याची समजूत झाली असावी.

"मी परवा खेळतोय, बाबा. अवेइरोला. सायप्रसकडून."

"पण सायप्रस तर आपल्याशी खेळतंय."

"हो."

"म्हणजे आपल्याविरुद्ध."

"हो, बाबा."

आदेलिनो खुर्चीत बसला. चादर त्याच्या मांडीवर तशीच होती. "आणि ते हॉटेल?"

"संघाचं आहे. आजच्यापुरती सुट्टी मागून आलोय."

"मग हिचं डोकं..."

"माझ्या डोक्याला काय धाड भरलीय, बाबा?" क्रिस्ताला म्हणाली. "दगड आहे दगड. हाच मेला तुम्हाला सांगायला घाबरत होता."

"इतके दिवस सांगितलंच नव्हतं त्याला?" आजोबा मध्येच मोठ्याने म्हणाले. बहिऱ्या माणसाचं कुजबुजणं ते. "मला तर इदालिनाने आल्याआल्या सांगितलं."

इदालिनाने टोपी सारखी केली. "मला क्रिस्तालाने सांगितलं. मी तरी काय करू? आजोबांना ऐकू येत नाही, म्हणून जरा ओरडून सांगावं लागलं."

"खिडकी उघडी होती," आजोबा म्हणाले. "त्यानंतर शेजारीण माझं अभिनंदन करून गेली."

आदेलिनो एकेकाच्या तोंडाकडे पाहू लागला. "म्हणजे काफेत तीन दिवस पेपरात खेळाचं पान नव्हतं... मालक म्हणाला, मासे गुंडाळायला घेतलं. मी म्हटलं, रोज तेच पान? तर म्हणे, तेच जाड असतं." तो थांबला. "आख्ख्या तोरेइराला माहीत होतं."

मग त्याने ग्रासिएतकडे पाहिलं. ती या क्षणाला किती दिवस घाबरत होती. तिने मांजरावर ढकलावं असं काहीतरी शोधलं, पण मांजर कधीच मरून गेलं होतं.

"हो," ती म्हणाली. "मला सगळ्यात आधी."

तो चिडला असता तर बरं झालं असतं. तिच्यापाशी चिडण्याचं औषध होतं. ती दुप्पट चिडायची. पण त्याने चादरीची घडी घालायला घेतली. चादरीच्या घड्या त्याने जन्मात कधी घातल्या नव्हत्या. टोकाला टोक जुळेना, तरी तो घालत राहिला.

"हे मला पटलेलं नाही, दादा," इदालिनाने बाजू पकडली. भाऊ पडला की ती त्याच्या बाजूने उभी राहते, आणि तो उठला की विरुद्ध. हे आता घरात सगळ्यांना माहीत होतं. "देश बदलणं म्हणजे आई बदलणं. स्वतःच्या रक्ताविरुद्ध लाथा मारायच्या!"

"तू कशाला बोलतेस?" ग्रासिएत उसळली. राग काढायला कुणीतरी मिळालं याचाच तिला आनंद झाला. "न्यूअर्कला हात वर करून शपथ कुणी घेतली? फोटो पाठवलास तू. मागे झेंडा, डोळ्यांत पाणी."

"ते कागदपत्रांसाठी होतं! आणि दुसरा हात मी पाठीमागे धरला होता, बोटं एकमेकांत अडकवून. तशी शपथ लागत नाही."

"मग याला सांगू या बोटं अडकवून खेळायला."

"मी ग्रीनलंडला एकदा पाण्यात पडलो," आजोबा म्हणाले. सगळे त्यांच्याकडे वळले, कारण आजोबा बोलू लागले की थांबवता येत नाही. "परक्या जहाजाने काढलं मला बाहेर. गरम सूप दिलं, कोरडे मोजे दिले. भिंतीवर त्यांच्या राणीचं चित्र होतं. मी टोपी काढून तिला मुजरा केला. कुठली राणी होती, अजून माहीत नाही. पण मोजे चांगले होते."

"इथे मोज्यांचा काय संबंध?" इदालिना म्हणाली.

"पाय गार पडलेत का कधी तुझे?"

क्रिस्ताला टाळ्या पिटून हसली, आणि तेल्मोही हसणार होता, पण बापाकडे बघून त्याने तोंड मिटलं. तो टेबलाला वळसा घालून आदेलिनोपाशी आला आणि खुर्चीशेजारी चवड्यांवर बसला. एवढा मोठा धिप्पाड देह, बसला तरी बापाच्या खांद्याला लागत होता.

"बाबा, ते मला कधीच बोलावणार नव्हते. मी चांगला आहे. तितका चांगला नाही. मला विशीतच कळलं होतं. तुम्ही मात्र दर वेळी यंत्रं बंद करत होतात. मी काय सांगणार?"

"तितका चांगला नाही असं कोण म्हणतं?"

"बाबा..."

"कोण म्हणतं?"

"मी म्हणतो. त्या प्रशिक्षकाचा फोन आला तेव्हा मी आंघोळ करत होतो. क्रिस्तालाने दारातून फोन आत दिला. तो म्हणाला, आम्हाला तू हवायस. नाव घेऊन म्हणाला. माझं वय बघा, गुडघा बघा. आणि मला कुणीतरी नाव घेऊन बोलावलं. मी तिथेच उभा राहून रडलो."

"साबण डोळ्यांत गेला होता, असं मला सांगितलंन मेल्याने," क्रिस्ताला हळूच म्हणाली.

आदेलिनो घडी न जमलेली चादर काखेत मारून उठला आणि फळीमागे, भिंत आणि चित्र यांच्यामध्ये जाऊन उभा राहिला. जायला दुसरी जागाच नव्हती; रस्त्यावर सणाची गर्दी, घरात जायला सगळ्या बायकांसमोरून जावं लागणार. फळीच्या कडेने त्याचे सणाचे काळे बूट तेवढे दिसत होते. ग्रासिएतला त्या बुटांची फार दया आली. पण ती गेली नाही. त्याच्यामागे जाण्याचा आपला हक्क आज आपण गमावलाय, असं तिला वाटलं.

इदालिनाला शांतता सोसत नाही. पातेल्यातला बटाटा उचलत ती पुतण्याला समजावू लागली.

"मनाला लावून घेऊ नकोस. परवा सगळं झटपट आटपेल. आपला ब्रांदाऊ आहे ना पुढे, तो तुला विजेच्या खांबासारखा वळसा घालून जाईल. पहिल्या अर्ध्या तासात तीन गोल. मग ते तुला बाहेर काढतील आणि तू आमच्यात येऊन बसशील."

तेल्मो हसला. "होईलही तसं, आत्या."

"कोण वळसा घालून जाईल?"

आवाज फळीमागून आला होता.

"ब्रांदाऊ," इदालिना म्हणाली. "आपला नवा हिरा. तूच म्हणतोस ना, त्याला जगात कुणी अडवू शकत नाही?"

बूट हलले. आदेलिनो फळीच्या बाजूने बाहेर आला. केसांत कोळिष्टक लागलेलं.

"माझ्या पोराला? खांबासारखा?"

"मी आपलं उदाहरण..."

"ब्रांदाऊ!" आदेलिनोने नाव थुंकल्यासारखं उच्चारलं. कालपर्यंत तेच नाव त्याच्या तोंडात खडीसाखरेसारखं विरघळत होतं. "अगं, तो पोरगा एकच गोष्ट करतो! चार वर्षं बघतोय मी त्याला, एक सामना सोडलेला नाही. उजवीकडे जातोय असं दाखवतो. खांदा पाडतो. सगळे बावळट त्याच्या पायांकडे बघतात आणि हा निघाला डावीकडून. उठ, तेल्मो."

"बाबा..."

"उठ म्हणतो ना! क्रिस्ताला, ते बाक बाजूला घे. आजोबा, तुम्ही गोलकीपर."

"मला बसूनच जमेल," आजोबा म्हणाले, आणि त्यांनी खरोखरच खुर्चीत पाय फाकवले.

चेंडू म्हणून पावाचा गड्डा घेतला, पण ग्रासिएत किंचाळली, "अन्न आहे ते!" म्हणून चादरीचाच बोळा केला. पाहुण्यांची चादर. तिने तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं.

आदेलिनो चौसष्ट वर्षांचा, पोट सुटलेला, एक गुडघा कामातून गेलेला. मांडवाच्या खांबापासून तो बोळा पायाने ढकलत निघाला. उजवा खांदा असा काही पाडला की सगळ्यांना वाटलं, झटका आला. तेल्मो बापाच्या पायांकडे बघत राहिला आणि बाप डावीकडून फुरफुरत निघून गेला. बोळा आजोबांच्या काठीला लागला.

"गोल!" इदालिना ओरडली.

"बघितलंस?" आदेलिनो धापा टाकत म्हणाला. "पायांकडे बघितलंस! कमरेकडे बघ. कंबर खोटं बोलत नाही. पुन्हा."

दुसऱ्या खेपेला तो पुन्हा गेला. तिसऱ्या खेपेला तेल्मो जागचा हलला नाही. खांदा पडला, कंबर वळली, आणि त्याने नुसता पाय पुढे केला. बोळा तिथेच राहिला. आदेलिनो मात्र पुढे गेला, फळीवरच्या लाल शर्टावर आदळणार होता, पण तेल्मोने त्याला पट्ट्याला धरून हवेतच थांबवलं.

"दादा, हा देशद्रोह आहे!" इदालिना उभी राहून म्हणाली. "आपल्या संघाची गुपितं तू शत्रूला सांगतोयस!"

"गप्प बस. घरात पोराला दोन शब्द समजावायचे नाहीत का?"

"आजोबा, तुम्ही साक्षीदार आहात!"

"मी बहिरा आहे," आजोबा म्हणाले.

"आत्या," क्रिस्ताला कालवणाचा डाव हातात घेऊन म्हणाली, "तुमच्या तोंडात बटाटा जास्त शोभतो." आणि तिने एक वाढला. मासळीबाजाराचं ते अस्सल उत्तर ऐकून आदेलिनो धापांमधूनही हसला. हवेत लटकलेलाच होता तो अजून. "सोड आता," तो मुलाला म्हणाला. "पट्टा तुटेल. आणि डावीकडची दुसरी एक खोड आहे त्याची, ती सांगायचीय."

संध्याकाळपर्यंत ती खोड सांगून झाली. होडी शर्यतीत शेवटून दुसरी आली आणि नाळेवरच्या लाल तेल्मोने खाडीभर लोकांना हसवलं. संघाच्या हॉटेलात परत जायची वेळ झाली तेव्हा आदेलिनो मुलाला फाटकापर्यंत सोडायला गेला. ग्रासिएत वामांचं उरलेलं कालवण डब्यात भरून, रिकामं पातेलं हातात तसंच घेऊन मागे उभी होती.

"परवा आधी राष्ट्रगीतं होतील," आदेलिनो फाटकाच्या कडीशी चाळा करत म्हणाला.

"हो."

"आपलं लागेल तेव्हा ओठ हलवू नकोस. कॅमेरा तोंडावर असतो."

"नाही हलवणार. आणि त्यांचं लागेल तेव्हा?"

आदेलिनोने विचार केला. "येतं का तुला?"

"क्रिस्तालाने शिकवलंय. अर्धं."

"मग अर्धं तरी म्हण. नाहीतर म्हणतील, आईबापाने काही वळण लावलं नाही."

तो निघून गेल्यावर ग्रासिएत नवऱ्याला म्हणाली, "मी सांगायला हवं होतं."

"हो," तो म्हणाला. मग थोडं चालून झाल्यावर, "सांगितलं असतंस तर मी ती फळी रंगवून घेतली नसती. मग शर्यतीत शेवटून दुसरे आलो ते कुणाच्या लक्षातही राहिलं नसतं." एवढं बोलून त्याने तिच्या हातातलं रिकामं पातेलं स्वतःकडे घेतलं. तो विषय त्या घरात तिथे मिटला.

दोन दिवसांनी अवेइरोच्या मैदानात ते सगळे पोर्तुगालच्या लोकांत बसले. आदेलिनोच्या गळ्यात लाल-हिरवा मफलर. तो आपल्या संघासाठी ओरडला, मनापासून ओरडला. पण जेव्हा जेव्हा सायप्रसचा एक उंच, वाकड्या नाकाचा बचावपटू चेंडू उडवून लावायचा, तेव्हा आदेलिनोला खोकला यायचा. आधी लहान, मग छाती फाटेल असा. पुढच्या रांगेतल्या माणसाने वळून त्याला पेपरमिंटची गोळी दिली.

"फार जुना खोकला आहे हो," ग्रासिएत म्हणाली. "आमचा पोरगा सोळा वर्षांचा होता तेव्हापासून."

पोर्तुगाल दोन गोलांनी जिंकलं. दोन्ही गोल दुसऱ्या बाजूने झाले. ब्रांदाऊने उजवा खांदा पाडला, पाडला, आणि पुन्हा पाडला, आणि दर वेळी त्याच्यासमोर एक माणूस नुसता उभा असायचा, पायांकडे न बघता. शेवटचा थोडा खेळ उरला असताना प्रशिक्षकाने ब्रांदाऊला बाहेर घेतलं. हिरा असला तरी तो आपला, म्हणून सगळं मैदान टाळ्या वाजवायला उभं राहिलं.

सगळ्यात आधी आदेलिनो उठला, आणि सगळे खाली बसल्यावरही तो टाळ्या वाजवत राहिला. ब्रांदाऊ डावीकडच्या बाकावर जाऊन बसला होता. आदेलिनोचं तोंड उजवीकडे होतं, सायप्रसच्या बचावफळीकडे.